मुखवट्याखालचा इसम

पावणेसात वर्षांच्या बालकास भुताखेतांचा कार्टूनपट दाखवावा किंवा कसे, हा प्रश्न गेल्या रविवारी आमच्या घरी उपस्थित झाला. आणि महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेले तीर्थरूप घरात असता तो रीतसर चौकशीवाचून निकालात निघणे अशक्यच होते.

चित्रपट १९९८ सालचा, ‘स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड’ या नावाचा. शासनाने २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वाटे पाडले आहेत खरे. परंतु त्या वयाखालच्या मुलांचे काय करावे हे ज्याच्या त्याच्या आईबापांनी पाहावे, असाच त्याचा मथितार्थ असल्याने लोढणे फिरून आमच्याच गळ्यात आले.

तीर्थरूपांनी कैफियती मागविल्या. दूधभात संपावा म्हणून आदल्याच रात्री नातवाच्या ताटाभोवती पिंपळावरचा मुंजा फिरवून आणणाऱ्या मातोश्रींनी सक्त हरकत नोंदविली. सौभाग्यवतींनी मात्र दाखला दिला की, १९६९ पासून चालत आलेल्या या मालिकेत भूत म्हणून काही नसतेच. चार तरुण आणि एक भित्रा कुत्रा अखेरीस भुताचा मुखवटा ओढतात, आणि आतून निघतो तो कुणाच्या तरी वारशावर, गुप्तधनावर किंवा जमिनीवर डोळा ठेवून बसलेला इसम. या विवेकवादाने प्रसन्न होऊन तीर्थरूपांनी, सर्व दिवे चालू ठेवण्याच्या अटीवर, मंजुरी दिली.

लुईझियानातील दलदलीच्या बेटावर फ्रेड नामक तरुणाने एका प्रेताचा मुखवटा मोठ्या आत्मविश्वासाने ओढला, आणि त्याच्या हाती मुखवट्याऐवजी सबंध मुंडके आले, त्या क्षणी मातोश्रींनी रामरक्षा सुरू केली, सौभाग्यवतींचा विवेकवाद तहकूब झाला, आणि मला अकस्मात तहान लागून स्वयंपाकघरात जावेसे वाटले. चिरंजीव तेवढे चिवड्यातले शेंगदाणे वेचीत, ‘ही प्रेतं वाईट नाहीत, ती बिचारी सावध करायला उठलीत, खऱ्या वाईट त्या वाड्यातल्या गोड बोलणाऱ्या बाई’ असा खुलासा आम्हांस करीत होते.

चित्रपट संपल्यावर तीर्थरूपांनी जबानी घेतली. “भ्यालास का रे?”

“नाही. पण आजोबा, जुन्या गोष्टींतली ती माणसं जमीन मिळवायला भुताचा मुखवटा कशाला घालायची?”

तीर्थरूप निरुत्तर झाले. कारण उभ्या नोकरीत या कामी कोणास मुखवट्याची गरज पडल्याचे त्यांच्या पाहण्यात नव्हते. परीटघडीचा सदरा, दोन तयार साक्षीदार आणि योग्य वेळी पडलेली एक फेरफार नोंद एवढ्या सामग्रीवर ते कार्य, भर दुपारी आणि चहा पीत पीत, निर्वेध पार पडत आलेले होते.

त्या रात्री चिरंजीव तत्काळ घोरू लागले. दीडच्या सुमारास बाहेरच्या खोलीत ट्रंकेची कडी वाजली म्हणून मी भीतभीत डोकावलो, तर तीर्थरूप बॅटरीच्या उजेडात गावच्या जमिनीचा सातबारा पसरून बसले होते. भोगवटादारांच्या रकान्यातील नावे ते बोट ठेवून मोजीत होते, आणि दर खेपेस एक नाव जास्त भरत होते.