पाणी फिरतंय का?

शनिवारी सकाळी मांडव्याला रो-रो बोट लागली की तासाभरात आमच्या थळ-किहीमच्या रस्त्यांवर मुंबईची श्रीमंती एकामागून एक दिसायला लागते. 2020च्या मार्चपासून ही सोय झाली. त्याआधी या गाड्यांना वडखळचे खड्डे खात यावं लागे, त्यामुळे त्या बहुधा येतच नसत. माझा मेहुणा मात्र परवा वडखळवरूनच आला. बोटीचं भाडं वाचवायचं होतं.

नवी असताना जिच्या किमतीत आमचं घर नारळ-सुपारीच्या वाडीसकट आलं असतं, अशी परदेशी गाडी त्याने तिसऱ्या मालकाकडून घेतली होती. सुपरचार्जरवाली. फोनवर तो इतकंच म्हणाला होता, "भावजी, उडते!" ती उडती गाडी अंगणात शिरली तेव्हा मेहुण्याचा चेहरा पडला होता. कार्ले खिंडीत तिला दम लागला आणि माणसांनी ठासून भरलेली, मागे पाट्या बांधलेली मिनिडोर तिला ओलांडून पुढे गेली. मिनिडोरमधल्या एका बाईने त्याला हात केला म्हणे. या हात करण्याचंच त्याला जास्त लागलं होतं.

आता गाडीचं दुखणं काय ते सांगतो. साधं इंजिन जमेल तेवढी हवा ओढून घेतं. सुपरचार्जर ती कोंबतो आणि स्वतः इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. 1860 साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स आडनावाच्या दोन भावांनी अशा दोन पाळ्यांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारी कुठल्या असायला? त्यांचा ब्लोअर भट्ट्यांना वारा घालायला लागला. 1921मध्ये मर्सिडीजने कंप्रेसरवाल्या मोटारी लोकांपुढे मांडल्या आणि तेव्हापासून मेहुण्यांची एक जात तयार झाली.

पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या तोंडाला बोट लावलेल्याला हे सांगायला नको. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबण्याची बरीचशी मेहनत फुकट. शिवाय पेट्रोल अवेळी पेटायची भीती. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. काही गाड्यांत तो वाऱ्याने गार होतो, काहींत पाण्याने. पाणीवाल्यात मुठीएवढा, विजेवर चालणारा एक पंप असतो. तो इंटरकूलरचं गरम पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरकडे नेतो आणि गार करून परत आणतो. एवढ्या गाडीची सगळी मिजास या मुठीएवढ्या पंपावर उभी.

आणि तो बंद पडला तर सांगत नाही, हा त्याचा दुष्टपणा. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या पाण्याचा. इंटरकूलरचं पाणी वेगळं, त्याला काटा नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत दिवाही लागत नाही. आत येणारी हवा तापली की गाडीचा कॉम्प्युटर गुपचूप ठिणगीची वेळ मागे ओढतो, ताकद कापतो आणि गप्प बसतो. पहिली दौड झकास, दुसरी बरी, तिसरीला बैलगाडी. मेहुण्याच्या छोट्या स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान 74 दिसत होतं. बाहेर 33.

मुंबईच्या एका वर्कशॉपला त्याने फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी गाडी न बघता पंप, पाइप, रेडिएटर आणि "हात घातलाच आहे तर" सुपरचार्जरही बदलायला सांगितला. आकडा ऐकून बायकोने आपल्या भावाला आधी पाणी दिलं, मग चहा. इथे गाडीतलं पाणी फिरत नव्हतं, पैशांवर मात्र फिरायची वेळ आली होती. त्याने त्या तिरमिरीतच नवा पंप मागवून टाकला.

थळला बातमी कळायला वेळ लागत नाही. पहिले आले शेजारचे काका. ते आरसीएफच्या थळच्या खत कारखान्यात 1980च्या दशकापासून निवृत्तीपर्यंत कंप्रेसरवर होते. अमोनिया आणि युरिया करायचा तर वायू प्रचंड दाबावा लागतो, आणि तो एका दमात दाबत नाहीत. एक टप्पा दाबायचा, गार करायचा, पुन्हा दाबायचा. दोन टप्प्यांच्या मध्ये जो गार करतो तोच इंटरकूलर.

"इंटरकूलर?" काकांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. "हा? आमचा या घराएवढा होता." मग त्यांनी वही मागितली. दर तासाला वाचन लिहायची सवय हाडात मुरलेली. "इनलेट किती, आउटलेट किती?" मेहुण्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी गाडी चालू ठेवायला लावली, दोन्ही पाइपांना बोट लावलं आणि वहीत लिहिलं: 'दोन्हीकडे सारखं. फ्लो नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

तेवढ्यात नाखवा आले. त्यांची बोट दुरुस्तीला वर ओढलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या इंजिनात डोकवायला सवड होती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "पानी भायेर कुठं परतं?"

"पडत नाही. आतल्या आत फिरतं," मेहुणा म्हणाला.

"मंग फिरतंय त्ये तुला कलतं कसं?"

एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या इंजिनीयरांना हा प्रश्न पडला नसेल असं मी म्हणत नाही. पण उत्तर त्यांनी गिऱ्हाइकाला दिलेलं नाही. होडीचं इंजिन समुद्राचं पाणी आत घेतं, रबरी पाकळ्यांचा पंप ते फिरवतो आणि ते बाजूने बाहेर पडतं. सुकाणूवरचा माणूस पुढे बघतो तसाच अधूनमधून त्या धारेकडे बघतो. धार बारीक झाली की समजायचं, मुंबईकरांनी समुद्रात सोडलेली प्लास्टिकची पिशवी तोंडाशी बसली. धार थांबली तर इंजिन बंद, नाही तर पाकळ्या जळाल्या. या शास्त्राला स्कॅनर लागत नाही.

वायरमन पोरगा आला. फ्यूज ठीक, रिले ठीक. पंपाच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला तर दिवा लागेना. झालं, दोष वायरिंगचा असा निकाल लागला आणि मेहुणा मटकन ओट्यावर बसला. काकांनी विचारलं, "गाडी गार केव्हापासून आहे?" कारण काही गाड्यांत हवा ठरावीक तापल्याशिवाय पंपाला करंटच मिळत नाही. अर्धी दुपार आम्ही मुद्दाम झोपवलेला पंप उठत नाही म्हणून हळहळत होतो. गाडी तापवली, दिवा लागला. मग प्लग सोडवला तर आतली पिन हिरवीगार. खाऱ्या वाऱ्याची करामत! इथे खिडकीचे बिजागर, छत्रीच्या काड्या आणि देवळाची घंटा काही सुटत नाही, तर त्या पिनेची काय कथा. पॉलिश पेपरने घासून पिन चकचकीत केली. पंप गुणगुणायला लागला.

मेहुण्याने टाळी वाजवली. नाखव्यांनी पाइप दाबून बघितला. "आवाज नको सांगू. रिकामा पंपच जास्त बोलतो."

खरं होतं. मोटर फिरत होती, पाणी हलत नव्हतं. याच्यावर मात्र अख्ख्या अंगणाचं एकमत झालं, कारण विहिरीतला फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गळून पंपाने हवा धरण्याचा अनुभव थळमधल्या प्रत्येक वाडीला आहे. पोराने खोदून विचारलं तेव्हा कळलं की आधीच्या मालकाने कुठेतरी पुढचा बंपर धडकवला होता. दुरुस्तीत रेडिएटर काढला, परत बसवला, वरून पाणी ओतलं आणि पाइपांतली हवा तशीच राहिली. हवा कोंबण्यासाठी एवढे पैसे मोजलेली गाडी शेवटी हवेनेच अडवली होती.

गाडी गार होईतो ओट्यावर बैठक जमली. ओट्यावरून माडांच्या फटीतून खांदेरी दिसतो. नाखव्यांना तो दिसला की 1679 आठवतंच. शिवाजी महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारी त्या बेटावर किल्ला बांधायला उतरला, इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वाट अडवली. पण वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी, आणि आमच्या वल्ह्यांच्या छोट्या होड्या अंधारात सामान घेऊन पोचत. थोडक्यात, देवाने दिलेल्या हवेवर अवलंबून न राहण्याची कल्पना थळसमोर रूट्स बंधूंच्या बरीच आधी येऊन गेली. मेहुण्याला हे पटलं नाही. त्याला त्या वेळी काहीच पटत नव्हतं.

मग गाडी अंगणाच्या चढावर तोंड वर करून लावली. टाकीचं झाकण काढलं, पंपाला सरळ बॅटरीतून करंट दिला आणि काका हातात कूलंटचा डबा घेऊन उभे राहिले. विहिरीचं पाणी घेऊन आलेल्या पोराकडे त्यांनी असं बघितलं की तो ते झाडांना घालून आला. घळघळ करत बुडबुडे निघाले, पातळी खाली गेली, काकांनी भर घातली, पुन्हा बुडबुडे. शेवटी टाकीत पाणी गरगरताना दिसलं. नाखवा वाकले आणि म्हणाले, "आता ह्ये फिरलं."

अलिबागपर्यंत जाऊन आलो. स्कॅनरवर 45. काकांनी वहीत नोंद केली आणि यावेळी मेहुण्याचीही सही घेतली.

मागवलेला नवा पंप मात्र दोन दिवसांनी पोचला. तो परत घेत नाहीत. कोरा आहे, पेटीत आहे, मेहुण्याने तो माझ्याकडेच ठेवला आहे. कोणाच्या गाडीला बसत असेल तर थळला येऊन घेऊन जावा. पैशांचं बोलता येईल. फक्त येण्याआधी प्लगची पिन घासून आणि पाइपांतली हवा काढून बघा, म्हणजे खेप वाचेल.