सेफ्टी डोअरच्या अलीकडे

'मतदान करा' असे सांगत दारोदार फिरणारा स्वयंसेवक हा निवडणुकीच्या हंगामात शहरी वस्तीत आढळणारा, निरुपद्रवी आणि सहसा घामाघूम नागरिक असतो. पक्षाच्या कार्यकर्त्याहून तो वेगळा. कार्यकर्त्याच्या गळ्यात पट्टा असतो, मागे दहा माणसे असतात आणि तो काय मागायला आला आहे हे दार उघडणाऱ्याला आधीच ठाऊक असते. स्वयंसेवक एकटा किंवा जोडीने येतो, कोणाचेही नाव घेत नाही आणि 'कोणालाही द्या, पण द्या' असे म्हणतो. इतक्या निःस्वार्थी माणसावर विश्वास ठेवायला कोणताही सुज्ञ मतदार तयार नसतो. 'कुठल्या पक्षाचे तुम्ही?' याला 'कुठल्याच नाही' हे उत्तर मिळाले की समोरचे काका चष्मा वर सरकवून विचारतात, 'मग तुम्हाला पैसे कोण देतं?' त्यावर 'कोणीच नाही' हे ऐकले की त्यांची खात्री पटते, की प्रकरण वाटते त्याहून गंभीर आहे.

ज्या भागात मतदान कमी, त्या भागात हा स्वयंसेवक जास्त. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. तिथल्या बऱ्याच भागात मतदानाची वेळ दुपारी तीनलाच संपत होती, तरीही. कल्याण मतदारसंघात वेळ संध्याकाळी सहापर्यंत होती, शाळा हाकेच्या अंतरावर होत्या, आणि आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास थबकला. या मतदारसंघातले डोंबिवली हे शहर घराबाहेर पडायला कंटाळणारे आहे, असे म्हणायची सोय नाही. पाडव्याच्या शोभायात्रेला ते पहाटे नऊवारी नेसून आणि फेटा बांधून हजर असते, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मुंगी शिरायला जागा ठेवत नाही, आणि रोज सकाळी लोकलच्या दारात एका पायावर उभे राहून मुंबई गाठते. वर्षाचे सगळे दिवस घराबाहेर काढणाऱ्या या शहराला एक दिवस सुट्टी मिळते, आणि ती नेमकी मतदानाची असते.

सुट्टीचा आणि मतदानाचा संबंध अभ्यासण्यासारखा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब या कलमानुसार मतदाराला त्या दिवशी भरपगारी रजा द्यावी लागते. हेतू उदात्त. पण कल्याणच्या मतदानाच्या दिवशी, २० मे २०२४ ला, सोमवार होता. त्याआधी शनिवार, रविवार. मे महिना, मुलांच्या शाळा बंद, आणि अलिबाग, महाबळेश्वर, गणपतीपुळे आपापल्या जागी. राष्ट्रीय कर्तव्यासाठी मिळालेली भरपगारी रजा मतदार पूर्णपणे स्वदेशातच घालवतो, एवढे समाधान निवडणूक आयोगाला मानून घ्यावे लागते. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, मुद्दाम बुधवारी ठेवले गेले. शहरी मतदाराला सुट्टीला सुट्टी जोडता येऊ नये, हे कारण मुख्य निवडणूक आयुक्तांनी उघडच सांगितले. बुधवार हा आठवड्याच्या मधोमध असल्याने तो सलग सुट्टीत बसवायला कोणत्याही एका बाजूने किमान दोन रजा टाकाव्या लागतात. तेवढ्या रजा शिल्लक असलेला डोंबिवलीकर नोव्हेंबरात सापडत नाही.

स्वयंसेवकाचे साहित्य थोडे असते: पाण्याची बाटली, दोन पेने (एक चालत नाही), पटकन काढता येणाऱ्या चपला, पांढऱ्या चिठ्ठ्या आणि मतदारयादी. पक्षांनी वाटायच्या चिठ्ठ्यांवर चिन्ह किंवा उमेदवाराचे नाव असू नये आणि कागद साधा पांढरा असावा, असे आचारसंहिता सांगते. त्यामुळे स्वयंसेवकाची चिठ्ठी आणि पक्षाची चिठ्ठी यांत फरक राहत नाही, आणि दोन्ही फ्रिजवरच्या एकाच चुंबकाखाली जातात. यादीचा एक भाग म्हणजे एका मतदान केंद्राची यादी. तिच्यात अनुक्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. वाचणाऱ्याला ती सुरुवातीला रुक्ष वाटते, पण दोन इमारती फिरून झाल्यावर तिच्यातली कथानके दिसू लागतात. लग्न होऊन नाशिकला गेलेली मुलगी यादीत माहेरीच नांदत असते. दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेला भाडेकरू घरमालकाच्या कुटुंबात कायमचा सामावलेला असतो. दिवंगत आजोबांचे वय अजून वाढत असते. नवऱ्याचे नाव गल्लीतल्या शाळेत आणि बायकोचे रेल्वेच्या पलीकडच्या शाळेत असते. ही फारकत कोणत्या न्यायालयाने मंजूर केली, हे दोघांनाही माहीत नसते.

वेळेची निवड हा या कामातला सर्वांत अवघड भाग. सकाळी नऊच्या आत गेले तर घरात डब्याची आणि लोकलची घाई असते. दुपारी घरात ज्येष्ठ नागरिक असतात आणि ते झोपलेले असतात. संध्याकाळी आठनंतर मालिका असतात. शिल्लक उरतो रविवार सकाळचा दहा ते बाराचा काळ. या काळात गॅस पाइपलाइनवाले, इंटरनेटवाले, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारे आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची आठवण करून देणारे सेक्रेटरी, असे सगळेच फिरत असतात. म्हणून बेल वाजताच दार न उघडता आतून येणारे पहिले उत्तर 'नकोय' हे असते. काय नकोय, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसते. जुन्या डोंबिवलीतल्या इमारती चार मजली आणि बिनलिफ्टच्या. अनुभवी स्वयंसेवक आधी सर्वांत वर चढतो आणि मग उतरत येतो. नवखा खालून सुरुवात करतो आणि तिसऱ्या मजल्यावर लोकशाहीबद्दल बोलायला त्याच्याकडे श्वास उरत नाही.

दारामागची माणसे ढोबळमानाने चार प्रकारची असतात. पहिला प्रकार 'हो हो' म्हणणाऱ्यांचा. हा सर्वांत मोठा, सर्वांत गोड आणि सर्वांत धोक्याचा. दुसरा प्रकार तक्रारदारांचा. यांना गटाराबद्दल बोलायचे असते. गटार नगरसेवकाकडे, निवडणूक लोकसभेची आणि समोर उभा माणूस कोणाचाच नाही, ही विभागणी त्यांना मान्य नसते. 'तुम्ही आलात ना, मग ऐकून घ्या' हा युक्तिवाद बिनतोड असतो. तिसरा प्रकार विचारवंतांचा: 'सगळे सारखेच.' त्यांना २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे, असे सांगितले की ते म्हणतात, 'त्याने काय होणार?' हे एवढे सांगण्यासाठी ते दारात अर्धा तास उभे राहतात. मतदान केंद्रावरच्या रांगेत मात्र तेवढा वेळ थांबायची त्यांची तयारी नसते. चौथ्या प्रकारात दार उघडणाऱ्या वहिनी म्हणतात, 'मिस्टर बाहेर गेलेत.' यादीत त्यांचे स्वतःचे नाव आहे, हे सांगितल्यावरही पुढचे वाक्य येते, 'ते आले की सांगते.' या उत्तराला इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी यादी करणारे कर्मचारी घरोघरी गेले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला आणि 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद होऊ दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी यादीत ठेवायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मतदानापासून वंचित राहिल्या. त्या बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या. आज नाव यादीत आहे, छायाचित्रासकट आहे. फक्त मिस्टर बाहेर गेलेले असतात.

या चारही प्रकारांत 'मी मतदान करणार नाही' असे तोंडावर सांगणारा जवळपास कोणी नसतो. पटवून देण्याचे काम त्यामुळे शिल्लकच राहत नाही. लोकशाही, हुतात्मे आणि बोटावरची शाई यांवर पाठ केलेले भाषण पहिल्या मजल्यावरच निकामी होते, कारण ऐकणारा पहिल्या वाक्यालाच सहमत होतो. खरे काम त्यापुढे सुरू होते. ते काय असते, हे तिसऱ्या मजल्यावरच्या एका जाळीच्या दारापाशी पाहता येते.

'कोण आहे?'

'मतदानाबद्दल सांगायला आलोय, आजी.'

'नकोय आम्हाला काही.'

'विकायचं काही नाही. वीस तारखेला मतदान आहे. तुमचं नाव यादीत आहे, हे सांगायला आलो.'

जाळीपलीकडे चष्मा येतो. 'मला सांगतोस? बासष्ट साली पहिलं मत दिलं मी. बोटाला शाई पहिल्यांदा लागली ते साल. तेव्हापासून एक चुकवलं नाही.'

'मग यंदाही येणार ना?'

'येणार तर. पण हा जिना कोण उतरवणार?'

'पंच्याऐंशीच्या पुढे घरी येऊन मत घेतात. तुमचं वय?'

'चौऱ्याऐंशी. म्हणजे आणखी एक वर्ष थांबू म्हणतोस?'

'आणि त्याचा अर्जही अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरायचा असतो. ती मुदत गेली.'

'मग ते मला कशाला सांगतोस? खालच्या मजल्यावर बंड्या राहतो. त्याला सांग, सकाळी साडेसातला वर ये. ऊन चढायच्या आत जाऊन येऊ. मोबाइल घरी ठेवून ये म्हणावं, आत नेऊ देत नाहीत.'

आजींनी वेळ ठरवली, सोबत ठरवली, अडथळाही ओळखला आणि स्वयंसेवकाला खाली पिटाळले. २००८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डेव्हिड निकर्सन आणि टॉड रॉजर्स या अभ्यासकांनी मतदारांना फोन करून हेच विचारले होते: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? ज्यांना हे प्रश्न विचारले त्यांचे मतदान सुमारे चार टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः एकच मतदार असलेल्या घरांत दिसली. अनेक मतदारांच्या घरात बहुधा कोणीतरी हे प्रश्न आधीच, वरच्या पट्टीत, विचारलेले असतात. प्रत्यक्ष दाराशी जाण्याचे महत्त्व त्याआधीच सिद्ध झाले होते. १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी केलेल्या प्रयोगात समोरासमोरच्या भेटीने मतदान चांगलेच वाढले, टपालाने आलेल्या पत्रकांनी किंचित, आणि भाड्याने करून घेतलेल्या फोनांनी जवळपास काहीच नाही. तिथे मजले किती होते, हे मात्र निष्कर्षांत येत नाही.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणुका आणि भोंगे बंद होतात. दारूची दुकानेही बंद होतात. घरोघरी शांतपणे जाण्यावर बंदी नसते. शहर एकाएकी एवढे गप्प होते की बेल सर्वांना ऐकू येते, आणि 'नकोय' म्हणणाऱ्यांचा आवाजही खाली येतो. या दोन दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: 'ओळखपत्र सापडत नाही, चिठ्ठी चालेल का?' चिठ्ठी ही फक्त माहितीसाठी असते, ओळखीचा पुरावा म्हणून ती चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट अशी इतर कागदपत्रे चालतात. हे सांगितल्यावर घरात कपाट उघडले जाते आणि १९९४ सालचे विम्याचे कागद सापडतात.

मतदानाच्या दिवशी स्वयंसेवकाने सकाळी सातला सर्वांत आधी स्वतःचे मत द्यावे. दिवसभर प्रत्येक दारात 'तुमचं झालं का?' हा प्रश्न येतो आणि त्याला डाव्या तर्जनीशिवाय दुसरे उत्तर नसते. तिथे लागणारी शाई १९६२ पासून म्हैसूरच्या एकाच सरकारी कारखान्यातून येते, आणि निळी बोटे दाखवून काढलेल्या छायाचित्रांची संख्या मतांपेक्षा जास्त भरते. मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते. स्वयंसेवक कोणाचा प्रचार करत नसला तरी पोलिसांना ते पटवून देण्यात मतदानाची वेळ जाते, म्हणून तो रेषेबाहेर राहतो. दुपारी बारा ते तीन रस्ते ओस पडतात. या काळात यादीतले 'हो हो' म्हटलेले लोक पुन्हा गाठावे लागतात. त्यांची उत्तरे अशी: जेवण झालं की निघतो, ऊन उतरू दे, रांग आहे म्हणतात, हिची तयारी चाललीय. सहाच्या ठोक्याला रांगेत उभे असलेल्या सर्वांना मत देता येते. ही सवलत शेवटच्या पाच मिनिटांत धावत येणाऱ्यांना पाठ असते. गाडी सुटता सुटता डबा पकडण्याचा सराव इथे कामी येतो.

कोणाच्या सांगण्यावरून कोण आले, हे यंत्रातून कळत नाही. ज्यांनी मत दिले ते म्हणतात, 'आम्ही देणारच होतो'. ज्यांनी दिले नाही तेही तेच म्हणतात. हाती उरते ती खुणा केलेली यादी. नाव नसलेल्यांसाठी फॉर्म ६, वगळायच्या नावांसाठी फॉर्म ७, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव घालता येत नाही, आणि बहुतेकांना आपले नाव नसल्याचा शोध त्यानंतरच लागतो. एरवी हे अर्ज वर्षभर भरता येतात. अठरा वर्षे पूर्ण झाल्याचे गणित करायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. दारोदार जाण्याची खरी गरज याच निवांत महिन्यांत असते. जिने मोकळे असतात, भोंगे नसतात, प्रत्येक घरात यादीतली एखादी चूक दुरुस्तीची वाट पाहत असते. अशा वेळी फॉर्म घेऊन आलेल्याला वॉचमन गेटवरच अडवतो आणि निवडणूक जाहीर झाल्यावर यायला सांगतो.