परक्याचे सुतक : एक अल्प विवेचन

सपिंडाला दहा दिवस, समानोदकाला तीन, नुसत्या सगोत्राला स्नान. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला आणि असे सगळे हिशेब एका जागी लावून दिले. पण 2014 च्या 30 जुलैला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला, 151 माणसे गेली. तेव्हा गोत्र सोडाच, ज्यांचे आडनावही ठाऊक नाही त्यांचे सुतक मुळशीतल्या पौडच्या माणसाने किती धरायचे? ग्रंथ गप्प आहेत. ती उणीव मुळशी तालुक्याने भरून काढली, असे आमचे प्रतिपादन आहे.

परक्याचे सुतक दोन प्रकारचे : उभे आणि टांगलेले. उभे म्हणजे मौन. त्याचे दोन मिनिटांचे माप 1919 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाने महायुद्धातल्या मृतांसाठी घालून दिले. आपण ते 30 जानेवारीला अकरा वाजता वापरतो आणि एरवी ग्रामसभेत. एका ग्रामसभेतली दोन मिनिटे आम्ही घड्याळ लावून मोजली, 48 सेकंद भरली. विसाव्या सेकंदाला कुणाचा तरी फोन लावणीत वाजला. बंद करताना मालकाने स्पीकर चालू केला.

टांगलेले म्हणजे फ्लेक्स. घरच्या मयताच्या फ्लेक्सवर मधोमध त्याचा फोटो असतो आणि ‘शोकाकुल’ मंडळी खाली बारीक अक्षरांत. परक्याचा फोटो आणायचा कुठून? म्हणून मधे मेणबत्ती येते, आणि उरल्या जागेत शोकाकुल. पिरंगुटला एका फ्लेक्सवर आम्ही चौदा मोजले. तिघांना काळे गॉगल होते, बहुधा डोळे ओले असावेत. यावरून निघणारे प्रमेय : मयत जितका लांबचा, शोकाकुल तितका ठळक.

प्रमेयाची उलट बाजूही तपासली पाहिजे. 2021 च्या 7 जूनला मुळशीतल्याच उरवड्यात रसायनांच्या कंपनीला आग लागली. गेल्या त्या बहुतेक कामाला जाणाऱ्या बायका. कोण कुणाची, हे ठरवायला डीएनए तपासावा लागला. त्या आठवड्यात टपरीवर एक जण ‘लई वाईट झालं’ एवढेच म्हणाला. पुढे कुणी काही बोलले नाही. चहा निवला. घड्याळ लावायचे आम्हाला सुचले नाही.

असो. टांगलेले सुतक फिटते कधी? त्याच बांबूंवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला की. उतरलेला मात्र वाया जात नाही. भातलावणीच्या आधी तो कुणीतरी मागून नेतो आणि गोठ्यावर घालतो, छापील बाजू खाली करून. आमच्या शेजाऱ्यांची म्हैस गेल्या पावसाळ्यात चार महिने त्या मेणबत्तीखाली उभी होती. चौदाही शोकाकुल वरून तिच्याकडे बघत होते, आणि ती निवांत रवंथ करत होती.