विषय : मोत्यासह वन बीएचके मिळणेबाबत

प्रति,
मा. सेक्रेटरी,
परळमधली एक सहकारी गृहनिर्माण संस्था
(आणि लालबाग, दादर, गिरगावातल्या सर्व समविचारी संस्था)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, आम्ही भाड्याने वन बीएचके शोधत आहोत. घरात माणसं दोन, कुत्रा एक. कुत्र्याचं नाव मोत्या. जन्म लालबागचा, आईबाप अज्ञात. आपल्या इमारतीतला फ्लॅट आम्हाला पसंत पडला, आम्ही मात्र पसंत पडलो नाही. त्याबद्दल तक्रार नाही. नकार ज्या कौशल्याने दिला गेला, त्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन करावं, एवढाच या पत्राचा हेतू.

कारण नकार कोणी दिलाच नाही! मालक म्हणाले, "मला कुत्री फार आवडतात हो, पण सोसायटी ऐकत नाही." आपण म्हणालात, "सोसायटीची कुठे ना आहे? मेंबरच देत नाहीत." एजंट म्हणाला, "साहेब, दोघंही तयार आहेत, पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकू..." काकूंना गाठलं, तर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मोत्याला बिस्कीट दिलं आणि आम्ही केव्हा राहायला येतोय ते विचारलं.

जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' असं स्वच्छ छापलं होतं. फोन केल्यावर कळलं, मासे चालतील. गिरगावातल्या एका इमारतीत तर याला पोटकलमही होतं : पाळलेले चालतील, तळलेले नाही. गिरगावात, साहेब!

पैशांची चिंता नसावी. डिपॉझिट, एजंटचं एका महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांच्या करारावरचं मुद्रांक शुल्क, वर 1000 रुपये नोंदणी फी, सगळं भरतो. मोत्याची रेबीजची लस झालेली आहे, नसबंदीही. महापालिकेचा परवाना आहे. म्हणजे आमच्यात लायसन्स फक्त त्याच्याकडे आहे. आमचं लिव्ह अँड लायसन्स अजून व्हायचंय.

आता कायदा. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 मध्येच सांगून ठेवलंय की, सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये असली बंदीची कलमं बेकायदा ठरवली. आपल्या राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सभासदाला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. पण यातली मेख आपण अचूक हेरलीत. सोसायटीला बंदी घालता येत नसली, तरी आपली जागा कोणाला द्यायची नाही हे मालक ठरवू शकतो. म्हणून सोसायटी बंदी घालत नाही, फक्त मालकाच्या कानाशी लागते. कागद कोरा राहतो आणि फ्लॅट रिकामा.

आपल्या टॉवरच्या जागी पूर्वी चाळ होती, हे आपल्याला सांगायला नको. आपलं बालपण तिथेच गेलं. चाळीत जिन्याखाली एक कुत्रा असायचाच. तो कोणा एकाचा नसे. एका खोलीतून शिळी पोळी, दुसरीतून बोंबलाची डोकी, तिसरीतून लाथ. चोरावर आणि पोस्टमनवर तो सारख्याच निष्ठेने भुंकायचा. पुनर्विकास आला तेव्हा प्रत्येकाची मोजणी झाली. पात्र, अपात्र, पोटभाडेकरू, जिन्याजवळचा पानवाला, सगळ्यांचा हिशेब लागला. कुत्र्याकडे भाडेपावती नव्हती. चाळीतली माणसं बाविसाव्या मजल्यावर गेली, तो गेटबाहेर राहिला आणि त्याला आत येऊ न देण्यासाठी वॉचमन नेमला गेला.

याच शहरात 1832 च्या जूनमध्ये, सरकार मोकाट कुत्री मारतंय म्हणून फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले. दंगल झाली, बाजार बंद पडला. दोन वर्षांनी भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. त्यांनी बेवारस कुत्र्यांसाठी दंगल केली. आम्ही आमच्याच कुत्र्यासाठी नुसता अर्ज करतोय, हे आमच्या सौम्यपणाचं प्रमाणपत्र समजावं. फोर्टातल्या बॉम्बे हाउसमध्ये, म्हणजे टाटांच्या मुख्यालयात, 2018 च्या नूतनीकरणापासून रस्त्यावरच्या कुत्र्यांना खास खोली आहे, तीही बिनभाड्याची. परळमध्ये तर बैलघोडा हॉस्पिटल आहे, म्हणजे कागदोपत्री बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. तिथे मोत्याला दाखल करून घेतील. थोडक्यात, परळमध्ये मुक्काम हवा तर त्याला आजारी पडावं लागेल.

आपल्या प्रवेशद्वाराशी दत्ताची तसबीर आहे. दत्तजयंतीला आपण स्वतः सोवळं नेसून आरतीला उभे असता. एकदा तसबिरीतले प्राणी मोजून पाहावेत : चार कुत्री आणि एक गाय. संस्थेच्या निकषांवर खुद्द दत्तगुरूंनाही इथे जागा मिळाली नसती, त्यातून ते अविवाहित.

भुंकण्याचा त्रास, जिन्यातली घाण, लहान मुलांची भीती, या तक्रारी खोट्या नाहीत. काही कुत्रेवाले खरोखर बेपर्वा असतात; सकाळी दुसऱ्याच्या गाडीच्या चाकाशी कुत्रा उभा करून स्वतः आकाश बघतात. त्यांना बोलावं, चार शब्द सुनवावेत. मोत्यामागची घाण आम्ही उचलू, लिफ्टमध्ये पट्टा सोडणार नाही, हेही लिहून देतो.

लिहून द्यायचं आहे ते आपणही. संस्थेच्या लेटरहेडवर, ठराव क्रमांकासह, सही-शिक्क्यानिशी एकच वाक्य : "अर्जदाराकडे कुत्रा असल्यामुळे संस्थेचा त्यांच्या वास्तव्यास विरोध आहे." तोंडी नकार घेऊन उपनिबंधकांकडे जाता येत नाही, कागद घेऊन जाता येतं. आणि हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांना असाच कोणीही न दिलेला नकार मिळाला असेल, त्यांनीही तो आपापल्या सेक्रेटरींकडे लेखी मागावा.

कळावे, लोभ नसला तरी पत्रोत्तर असावे.

आपला,
मोत्याचा सहनिवासी