अंधार परत आला म्हणे

मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शन या एक्स्ट्रीम मेटल बँडने 2005 च्या अल्बममध्ये अंधार उतरवला आणि 2010 च्या ‘द रिटर्न टू डार्कनेस’मध्ये परत आणला. पाच वर्षं लागली! आमच्या आसेगावाकडे शेतीपंपाची लाईन रात्रपाळीत आली, की साप-विंचवांतून ओलिताला जाणाऱ्याकडे तो रोज येतो, बिनगिटारचा. कानठळ्यांचं म्हणाल, तर वरातीतल्या डीजेने इथले कान केव्हाच तयार केलेत.

2017 मध्ये याच मंडळींनी ‘दशावतार’ काढला. म्हणजे सप्ताहातल्या बुवांचाच विषय, फक्त घसा जास्त बसलेला. बँडचा गायक साहिल माखिजा यूट्यूबवर कीटो स्वयंपाक शिकवतो: भात वर्ज्य, पोळी वर्ज्य, साखर वर्ज्य. आणि नाव घेतलंय राक्षसाचं!