बैलगाडी आठ, मी अर्धा

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला नगररचनेवर प्रबंध लिहायचाच असेल, तर तो देऊळगाव राजावर लिहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. माझी सगळी मतं स्पष्टच असतात. अस्पष्ट असतो तो त्यांचा आधार. गटारीला उतार कुठल्या बाजूने हवा होता, आठवडी बाजार कुठे हलवावा, स्टँडसमोरची कोंडी कशी सुटेल, या विषयांवर माझ्याइतकं सखोल बोलणारा माणूस पंचक्रोशीत नाही, असं निदान मला तरी वाटतं. अडचण एवढीच, की कुणी विचारत नाही. प्रबंधवाल्या पोरांनी विचारलं तर ऋणनिर्देशात नाव छापून येईल, हा क्षुद्र स्वार्थ आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं निःस्वार्थ वाटेल. शिवाय आमच्या गावाला 'राजा' आहे. शेजारी सिंदखेडलाही राजा आहे, मेहुण्यालाही राजा आहे. जाधव राजांच्या कृपेने या टापूत राजे इतके दाट आहेत, की अभ्यास करायला प्रजा तेवढी उरली आहे.

पण पोरं प्रजेकडे येत नाहीत. ती थेट बार्सिलोनाला जातात, तिथून सिंगापूर, मग ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या बसगाड्यांत बसून परत. हा सगळा प्रवास दुसऱ्या प्रकरणात होतो, त्याला लिटरेचर रिव्ह्यू म्हणतात, आणि त्यात रिव्ह्यू सोडून बाकी सगळं असतं. ग्रुप चौघांचा: एक लिहितो, एक प्रिंट काढतो, एक गाइडची सही आणतो आणि चौथा व्हायवाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतो. चंदीगडचा सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटर असतो हे त्यांना तोंडपाठ असतं; स्वतःच्या घरासमोरच्या बोळाची रुंदी विचारली, तर दोन्ही हात पसरून दाखवतात. माझा आक्षेप बार्सिलोनावर नाही. आक्षेप एवढाच, की तिथली मोजमापं दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेली आहेत. पोराने स्वतः टेप धरून मोजलेलं एकही माप ज्यात नाही, तो प्रबंध नव्हे. ती सोनेरी अक्षरांत बांधलेली झेरॉक्स आहे.

आता मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर एका तक्त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं ६४ क्रमांकाचं, १९९० सालचं, ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेवरचं मार्गदर्शक पुस्तक आहे. इतकं खरं साहित्य अलीकडे वाचनात नाही. त्यात प्रत्येक वाहन रस्त्याला किती भारी पडतं, ते मोटारीच्या हिशेबात सांगितलेलं आहे. मोटार एक. ट्रक किंवा एसटी तीन. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार. हातगाडी तीन, म्हणजे केळीवाला आणि एसटी महामंडळ एका पंक्तीला. घोडागाडी चार. आणि बैलगाडी? आठ! कापसाने भरलेली एक गाडी जालना-चिखली रस्त्याला लागली, की सरकारी हिशेबात आठ मोटारी चालल्या. लग्नात नवऱ्यामुलापुढे आठ गाड्यांचा ताफा लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एका बैलजोडीत काम भागलं असतं. जाणकार लगेच सांगतील, की हा आकडा मान-मरातबाचा नाही, अडवणुकीचा आहे. गाडी रांगते, मागची रहदारी तुंबते, म्हणून आठ. मान्य. पण आपल्याकडे मान आणि अडवणूक या दोन गोष्टी वेगळ्या कधी होत्या? ज्याच्यासाठी रस्ता थांबतो तोच मोठा, हे तर पायलट गाडीच्या भोंग्यावरून पोरालाही कळतं. याच तक्त्यात स्कूटरची किंमत अर्धी आहे. म्हणजे गावच्या विकासाची एवढी चिंता डोक्यात घेऊन स्कूटरवरून निघालेला मी सरकारदरबारी ०.५ आहे. सायकलवाल्याचीही किंमत तीच, तेव्हा पेट्रोलचे पैसे वाया गेले ते वेगळेच. आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेल्या गाईला तर आकडाच नाही. ती वाहन नाही, कारण चालत नाही. अडथळा म्हणावा, तर कुणाची छाती होत नाही.

हा तक्ता ग्रामीण रस्त्यांचा आहे. शहरासाठी त्याच संस्थेचं १०६ क्रमांकाचं वेगळं पुस्तक आहे. माझा मुद्दा नेमका इथे सुरू होतो. आमचं गाव कुठल्या पुस्तकात बसवायचं? नगरपालिका आहे, म्हणून शहर. शेतमाल ट्रॉलीने येतो, म्हणून खेडं. महाराष्ट्रात असली मधली गावं गल्लोगल्ली आहेत. त्यांना कुठलंही तयार पुस्तक मापाचं होत नाही, म्हणूनच तिथे चौकात चार दिवस उभं राहून गाड्या मोजणाऱ्या पोरांची गरज आहे. पण गाड्या मोजताना एक गोष्ट सुटते. पायी चालणाऱ्याला या तक्त्यात ओळच नाही. आश्विनात बालाजीच्या यात्रेला येणारी म्हातारी, डोक्यावर गाठोडं, एका हाताने नातवाचं मनगट धरलेलं, स्टँडवरून देवळाकडे निघते. रस्त्याच्या हिशेबात ती शून्य आहे. कुणी म्हणेल, पायी चालणाऱ्यांसाठी १०३ क्रमांकाचं पुस्तक आहे की. आहे ना. २०१२च्या त्या पुस्तकात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, म्हणजे जेमतेम सहा फूट. मेल्यावर आडवं व्हायला जेवढी जागा लागते, तेवढीच जिवंतपणी चालायला मागितलेली आहे. फार नाही मागितली. तरीही ती म्हातारी डांबरावरून, ट्रॉलीच्या चाकाला लुगडं लागू नये म्हणून अंग चोरून चालते. इथे मला विनोद सुचत नाही.

आता आक्षेप. पहिला: लहान गावाचा डेटा मिळत नाही. अहो, मिळत नाही म्हणूनच तर प्रबंध. मिळत असता तर एक्सेल शीट पुरली असती. दुसरा: असल्या प्रबंधावर नोकरी कोण देईल? बार्सिलोनाच्या प्रबंधावर बार्सिलोनाने आजवर किती पोरं नेली, तेवढं सांगा. आणि १९६६च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा वीस वर्षांत एकदा तरी तपासायचा असतो; तो तपासायला आमच्यासारख्या गावांना माणूस लागणारच. तिसरा आक्षेप जड आहे: एकवीस वर्षांच्या पोराला नगररचनेतलं काय कळतं? याला उत्तर पॅट्रिक गेडेस. मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि गावोगावच्या बोळांतून पायी हिंडला. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढणाऱ्यांशी त्याचं जमलं नाही. जेवढं सडलंय तेवढंच काढा, असं तो सांगे. होळकरांच्या इंदुरात प्लेग होता. तिथे त्याने दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केलं, की ती नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या गल्ल्या जास्त स्वच्छ आणि दुरुस्त असतील तिथून जाईल. गल्ल्या झाडून निघाल्या. १९१८ला त्याचा इंदूरचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाने त्याला समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक केलं. आमच्याकडेही पालखी निघते, आणि देव येणार म्हटलं की मार्ग कसा आरशासारखा होतो! मंदिरापुढे दोरांनी ओढून उभ्या केलेल्या लांबच लांब लाठांचा मंडप हा तर स्ट्रक्चरचा आख्खा स्वतंत्र प्रबंध आहे. वर्षातून एकदा हे सगळं जमतं, मग एरवी का जमत नाही? सांगा, यापेक्षा चांगला विषय कुरितिबात आहे?

शेवटचा आक्षेप माझा मलाच आहे. इतकं तळमळीने सांगणाऱ्याने स्वतः आजवर किती मोजलं? काहीच नाही. मत देण्यासाठी माप लागत नाही, हा माझ्या पिढीचा नगररचनेतला एकमेव शोध. म्हणूनच पोरांकडून अपेक्षा आहे, आणि तीही बेताची. प्रबंधाच्या चार हार्ड बाउंड प्रती कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद होतातच. पाचवी साध्या झेरॉक्सवर काढून नगरपालिकेत द्या, सहावी वाचनालयात ठेवा. ज्यांच्या बोळाची रुंदी मोजली, त्यांना ती निदान वाचता यावी. तक्त्यात खाली हाताने एक ओळ वाढवा : गाठोडं घेतलेली म्हातारी. पुढे आकडा काय लिहायचा, ते चौकात चार दिवस उभं राहिल्यावर तुम्हीच ठरवा. बैलगाडीहून कमी निघाला, तर पुन्हा मोजा. आणि ऋणनिर्देशात माझं पूर्ण नाव नाही आलं तरी चालेल. नुसतं आडनाव टाका. अर्ध्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं.