आजारी न पडण्याचा खाडा

आजारी नसतानाही डॉक्टरांना दरमहा पैसे द्यायचे, ही गोष्ट पुण्याहून मुलाकडे अमेरिकेला आलेल्या निवृत्त बँक अधिकारी काकांना पटवून देणं सोपं नाही. मुलगा आपल्या परीनं समजावतो. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची. मग वाटेल तेव्हा भेटा, फोन करा, मेसेज करा, वेगळं बिल नाही. काका सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मुद्द्याचं विचारतात, "आणि महिनाभर काहीच झालं नाही, तर खाडा धरतात का?"

धरत नाहीत. खानावळवाल्याशी निदान वाद तरी घालता येतो. इथे ठणठणीत राहिल्याबद्दल एक सेंटही परत मिळत नाही.

या पद्धतीला 'डायरेक्ट प्रायमरी केअर' म्हणतात. तिची गंमत कळायची तर आधी अमेरिकेतला नेहमीचा दवाखाना पाहायला हवा. तिथे पेशंटचा घसा दुखला, की त्या दुखण्याला एक सांकेतिक क्रमांक मिळतो, तो विमा कंपनीकडे जातो, कंपनी शंका काढते, दवाखान्यातली खास त्यासाठी नेमलेली माणसं शंकानिरसन करतात आणि कालांतरानं पैसे येतात. घसा तोवर आपला आपण बरा झालेला असतो. एवढा खटाटोप परवडायचा तर एका डॉक्टरला दोन हजारांच्या आसपास पेशंट सांभाळावे लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं येतात.

सभासदत्वाचा डॉक्टर विमा कंपनीला मधून काढूनच टाकतो. समजा, त्यानं सहाशे सभासद घेतले आणि प्रत्येकाकडून 70 डॉलर. काकांनी हा हिशेब पाकिटाच्या मागच्या बाजूला मांडला: महिना 42,000 डॉलर. भाडं, नर्स, औषधं वजा जाता धंदा बरा आहे, असा शेरा त्यांनी मारला आणि मगच मुलाला फॉर्म भरू दिला. काकांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि परदेशातून आलेल्या पाहुण्यांसाठीचे बहुतेक विमे असली जुनी दुखणी दारातच उभी करतात. इथल्या डॉक्टरनं मात्र त्यांची सगळी फाइल वाचली, कोल्हापुरी चपलेचा टाचेवरचा घट्टासुद्धा पाहिला.

त्यानंतर काकांनी पैसे वसूल करायला घेतले. सोमवारी गुडघा. मंगळवारी झोप. बुधवारी 'इथल्या दुधानं पोटात गुबारा धरतो, तरी कळवावे.' प्रत्येक मेसेजला उत्तर आलं. डॉक्टर त्रासला असेल, ही काकांची आशा फोल ठरली. कारण इथे पेशंटला उगाच बोलावून त्याला एक पैसा जास्त मिळणार नसतो. दोन ओळींत काम भागलं, तर ते त्याच्याही सोयीचंच.

या कल्पनेचा उगम मात्र श्रीमंती थाटाचा. 1996 साली सिॲटलमध्ये सुपरसॉनिक्स या बास्केटबॉल संघाचे माजी डॉक्टर हॉवर्ड मॅरॉन यांनी 'एमडी स्क्वेअर' काढलं. एका डॉक्टरकडे फक्त 50 कुटुंबं आणि वर्षाची फी हजारो डॉलर. मध्यमवर्गाला झेपेल अशी आवृत्ती पुढे आली. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात 2010 साली सुरू झालेल्या 'ॲटलास एमडी'नं लहान मुलांना महिना 10 डॉलर, तरुणांना 50 आणि पासष्टीपुढच्यांना 100 असे दर ठेवले, वर औषधं जवळपास घाऊक भावात. सगळ्यांनाच हे गणित जमलं असं नाही. सिॲटलच्याच 'क्लायन्स' या कंपनीत जेफ बेझोस यांचा पैसा होता, तरी ती 2017 साली बंद पडली. पुढे 2023 साली बेझोस यांच्याच ॲमेझॉननं 'वन मेडिकल' ही दवाखान्यांची साखळी सुमारे 3.9 अब्ज डॉलर मोजून घेतली. तिथे 'प्राइम'वाल्यांना सभासदत्व महिना 9 डॉलर. स्वस्त वाटतं, पण दवाखान्यातल्या भेटीचं बिल वेगळं, विम्यामार्फत. सही करण्याआधी हा फरक पाहिलेला बरा.

त्याहून मोठा फरक असा, की हा विमा नव्हे. अपेंडिक्स फुटलं, हाड मोडलं, अतिदक्षता विभागात जावं लागलं, तर डॉक्टर फोन उचलेल, धीर देईल. बिल मात्र भरणार नाही. म्हणून जाणकार याच्या जोडीला मोठ्या संकटापुरता स्वस्त विमा ठेवतात. 2026 पासून करमुक्त आरोग्य बचत खात्यातूनही ही फी भरता येते. मर्यादा एकट्याला महिना 150 डॉलर, कुटुंबाला 300.

तेव्हा हे मानवतं कुणाला? स्वतःचा धंदा करणाऱ्याला, ज्याच्या विम्यात पहिले काही हजार डॉलर पदरचेच जातात. ज्यांच्या पोराचा कान दर पंधरवड्याला ठणकतो, त्या आईबापांना. मधुमेह-रक्तदाबवाल्यांना. ज्याला कंपनीचा उत्तम विमा आहे आणि वर्षातून एकदा शिंक येते, त्यानं वाटेला जाऊ नये. ज्याला सतत बड्या तज्ज्ञांकडेच जावं लागतं, त्यालाही याचा उपयोग बेताचाच.

आणि दोन हजारांतून सहाशे निवडले, तर उरलेले चौदाशे कुठे जातात? शेजारच्या डॉक्टरच्या रांगेत, जिथे आधीच दोन हजार उभे आहेत. अमेरिकेत प्राथमिक डॉक्टरांची मुळातच टंचाई, त्यामुळे टीकाकार नेमकं इथेच बोट ठेवतात. विरोध तसा जुनाच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या कामगारांच्या मंडळांनी सभासदामागे वर्षाला एक-दोन डॉलर देऊन डॉक्टर बांधून घेतले होते, तेव्हा वैद्यकीय संघटना खवळल्या होत्या, पण त्या हे फार स्वस्त पडतं म्हणून.

काकांचा प्रश्न अर्थात वेगळा होता. दिवाळीला पुण्याला परतताना सभासदत्व बंद करायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात आलं की पुन्हा सुरू, असा त्यांचा बेत होता. मुलानं कराराचं शेवटचं पान वाचून दाखवलं: सोडून परत येणाऱ्याला पुनर्नोंदणीची फी. काकांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं, परत वाचलं, आणि डॉक्टरला मेसेज टाकला, की हे वाचून रक्तदाब वाढला आहे, गोळी बदलावी काय?